चौथऱ्यावरची एक ओळ

११ सप्टेंबर २०१८, मंगळवार

ही वही माझ्या लेकीनं, नेलेनं दिली. म्हणाली, "बाबा, रोज संध्याकाळी फोन करून पालिकेच्या नावानं बोटं मोडता, त्यापेक्षा यात लिहा. वहीचे कान किटत नाहीत." लेक गेंटला राहते. दोन मुलं, नोकरी, घर. तिचंही खरं आहे. तर लिहितो.

आमच्या चौकातल्या व्हेसालियसच्या पुतळ्याभोवती आज परांची बांधली. कुंपणावर सूचना लावली आहे, की पुतळ्याची दुरुस्ती होणार, चौथऱ्यावर नवी पाटी बसणार आणि मजकुराबद्दल नागरिकांनी तीस दिवसांत सूचना द्याव्यात. मी तीनदा वाचली. मग घरी येऊन चष्मा पुसला आणि परत जाऊन चौथ्यांदा वाचली.

माणसाच्या आत काय आहे हे जुन्या पोथ्यांत न बघता माणसातच बघायचं, असं सोळाव्या शतकात ठरवणारा हा शहाणा याच ब्रुसेल्समध्ये जन्मला. आमच्या पुतळ्यात तो झगा घालून उभा आहे. एका हातात सुरी, दुसरा हात पुढे, बोटं किंचित वाकलेली. त्या हाताखाली कुणीतरी असायला हवं. शिल्पकारानं टेबलही गाळलं आणि टेबलावरचं माणूसही. सुरी हवेत.

मी चौतीस वर्षं डिसेक्शन हॉलमध्ये नोकरी केली. देह स्वीकारायचे, टिकवायचे, टेबलावर ठेवायचे, काम झालं की नीट एकत्र करून परत पाठवायचे. मुलं डॉक्टर होऊन बाहेर पडतात आणि प्राध्यापकांचे आभार मानतात. टेबलावरच्यांचे आभार कुणी मानत नाही. माझी मागणी एवढीच, की पाटीवर व्हेसालियसच्या नावाखाली एक ओळ त्यांच्यासाठी असावी. एकच.

याचा ओडीलशी संबंध नाही. ओडील माझी बायको. सव्वीस फेब्रुवारीला गेली. तिनं देहदानाचा कागद भरला होता, त्यामुळे ती सध्या विद्यापीठातच आहे. पण ही ओळ माझ्या डोक्यात फार आधीपासून आहे. नेमकी कधीपासून, ते आठवत नाही.

२० सप्टेंबर, गुरुवार

पालिकेत गेलो. वारसा विभागात लांबेर म्हणून बाई आहेत. गळ्यात रेशमी रुमाल, टेबलावर एकही कागद नाही. ज्या टेबलावर कागद नाही तिथे काम होत नाही, असा माझा अनुभव.

त्या म्हणाल्या, "मस्यू बाटेन्स, सूचना दोन्ही भाषांत हवी. डच आणि फ्रेंच."

"ओळ तर एकच आहे."

"म्हणून ती दोनदा. आणि दोन्हींची लांबी साधारण सारखी हवी. एक भाषा मोठी दिसली की तक्रारी येतात. मागच्या वर्षी कारंज्याच्या पाटीवर एका स्वल्पविरामावरून अकरा महिने गेले."

"मग व्हेसालियसचं नाव कसं लिहिणार? डचमध्ये की फ्रेंचमध्ये?"

"लॅटिनमध्ये," त्या म्हणाल्या. "मेलेली भाषा कुणाला बोचत नाही."

मी डच माणूस. फ्रेंच बोलतो, पण लिहिताना पाय घसरतो. घरातली फ्रेंच पत्रं ओडील तपासायची. ती दिनाँची, नदीकाठची. अडतीस वर्षं आम्ही दोन भाषांत भांडलो. ती फ्रेंचमध्ये, मी डचमध्ये, आणि दोघांनाही सगळं कळायचं. आता दोन ओळींच्या अर्जासाठी शब्दकोश उघडून बसलो आहे आणि काहीच कळत नाही.

५ ऑक्टोबर, शुक्रवार

अर्ज परत आला. फ्रेंच भागात चौदा चुका, लाल शाईत. मला शाळेतसुद्धा इतक्या निघाल्या नव्हत्या.

खालच्या भाजीवाल्या अब्देस्लामला दाखवला. तो तांजेरहून आलेला, पण शिकला फ्रेंच शाळेत. हातातलं तराजूचं पारडं बाजूला ठेवून त्यानं कागद खिडकीजवळ धरला.

"फॉन्सकाका, 'देह' पुल्लिंगी आहे."

"माहीत आहे मला."

"मग सगळीकडे 'ती' का लिहिलंय? 'तिने दिला', 'तिच्याकडून शिकलो'. या ओळीतही, आणि खालच्या कारणांतही."

"नजरचूक."

"चौदा वेळा?" तो म्हणाला. कागद नीट करून दिला आणि माझ्या पिशवीतल्या विटलोफच्या भाजीच्या दोन गड्ड्या काढून परत टोपलीत ठेवल्या. "चार कशाला नेता. दोन पुरतील. मागच्या आठवड्यातली तुम्ही पायरीवर कबुतरांना घातलीत, मी पाहिलं."

भाजी विकणाऱ्यानं भाजी परत घ्यायची, हे नवंच. मी चारही घेऊन आलो.

१ नोव्हेंबर, गुरुवार. सर्व संतांचा दिवस

आज ट्राममध्ये जो तो मांडीवर शेवंतीची कुंडी घेऊन बसलेला. सगळे कबरस्तानांकडे निघालेले. पिवळी, पांढरी, तपकिरी. आख्ख्या ट्रामला शेवंतीचा कडवट वास.

मीही एक घेतली. घरात जरा रंग बरा. मग लक्षात आलं, की खिडकीत ऊन येत नाही, कुंडी वाळेल. म्हणून चौकात नेऊन व्हेसालियसच्या चौथऱ्यापाशी, परांचीच्या आत ठेवली. जागा चांगली आहे. वाऱ्यापासून आडोसा आहे. थोडा वेळ थांबलो.

२ नोव्हेंबर, शुक्रवार

कुंडी गायब. झाडूवाल्याला विचारलं. म्हणे, कामाच्या जागेत सामान ठेवायचं नसतं, गाडीत टाकली. मी म्हटलं, ते सामान नव्हतं. "मग काय होतं?" तो म्हणाला. उद्धट नव्हता, खरंच विचारत होता. त्या प्रश्नाचाच मला राग आला. स्वच्छता विभागाला दोन पानी तक्रार लिहिली. दोन्ही भाषांत.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

पाटीसाठी नेमलेल्या समितीचं पत्र. माझी ओळ होती, 'आणि ज्यांच्या देहांनी त्याला शिकवलं, त्यांना.' समिती म्हणते, भावना स्तुत्य आहे, परंतु 'देह' हा शब्द सार्वजनिक जागी योग्य नाही, चौकात मुलं खेळतात. त्याऐवजी 'विज्ञानाच्या सेवेस' असं लिहिता येईल का, अशी विचारणा आहे. सेवेस म्हणे. हॉटेलात लिहितात तसं.

आणखी एक मुद्दा त्यांच्या इतिहासतज्ज्ञाचा. व्हेसालियसला देह कुणी दिलेच नव्हते. लूव्हेनच्या वेशीबाहेर फासावर लटकलेल्या माणसाची हाडं त्यानं चोरून आणली, बाकीचे गुन्हेगार आणि बेवारशी. तेव्हा कृतज्ञता कुणाविषयी, असा प्रश्न.

मी तिथल्या तिथे फोन लावला.

"लांबेरबाई, चोरून आणलेल्यांचं तर जास्तच देणं लागतो आपण."

"हे समितीला लेखी कळवा."

"तुम्हाला काय वाटतं, ते सांगा."

"मला वाटण्यासाठी नेमलेलं नाही, मस्यू बाटेन्स." मग म्हणाल्या, "तुमचा विषय वैयक्तिक आहे का? तसं असेल तर एक वेगळा अर्ज असतो. बाकाचा. बागेतल्या बाकावर नाव घालता येतं."

मी सांगितलं, विषय अजिबात वैयक्तिक नाही, आणि फोन ठेवला. बाक. बसायला जागा मागत होतो का मी?

९ डिसेंबर, रविवार

नेले मुलांना घेऊन आली होती. सिंट निकोलासच्या सणाची बिस्किटं, लिमलेटच्या गोळ्या, सगळ्या सतरंजीवर चुरा. जेवण होईपर्यंत बरं चाललं होतं. मग तिनं माझी फाइल बघितली. जाड झाली आहे आता, दोन दोऱ्या लागतात.

"बाबा, आईचं नाव घालायचंय ना तुम्हाला तिथे?"

"नाही. कुणाचंच नाव नाही. सगळ्यांसाठी आहे ते."

"सगळ्यांसाठी तुम्ही चौतीस वर्षांत एक पोस्टकार्ड लिहिलं नाहीत."

"तेव्हा नोकरीत होतो."

ती भांडी पुसत होती. पुसलेली बशी पुन्हा पुसायला घेतली. "मला तिला बघायचं होतं अजून एक दिवस. तुम्ही म्हणालात, अठ्ठेचाळीस तासांच्या आत न्यावं लागतं. तुम्हीच फोन केलात, तुम्हीच दार उघडलंत, गाडीवाल्याला नावानं हाक मारलीत. जणू काही सामान पोचवायचं होतं."

"उशीर झाला तर स्वीकारत नाहीत. तिची इच्छा वाया गेली असती."

"तिची की तुमची?"

मुलं ऐकत होती म्हणून मी सतरंजीवरचा चुरा झाडायला घेतला. ती गेल्यावरही उत्तर शोधतो आहे. कागद ओडीलनं स्वतः भरला. मी साक्षीदार म्हणून सही केली, बस. पण हेही खरं, की आयुष्यभर रात्रीच्या जेवणाला मी तिला हॉलमधल्या गोष्टी सांगितल्या. एकदा सांगितलं, की व्हेसालियसच्या पुस्तकात पहिल्याच पानावर त्यानं एका बाईला चिरलेलं चितारलंय. फाशी टळावी म्हणून त्या बाईनं पोटुशी असल्याचं सांगितलं होतं. सुइणींनी तपासून नाही म्हटलं. ओडीलनं चमचा खाली ठेवला आणि विचारलं, "तिचं नाव काय?"

मी म्हटलं, नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही.

"मग तुझ्या व्हेसालियसला सांग, पुढच्या खेपेला विचारून घे." आणि मग सूप वाढलं. त्यानंतर काही वर्षांनी तिनं तो कागद आणला. मी विचारलं, का. म्हणाली, "तू दिवसभर ज्यांची काळजी घेतोस त्यांत मी एकटीच नाही." आम्ही दोघंही हसलो होतो. आता वाटतं, ते हसण्यासारखं होतं का, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं.

१५ जानेवारी २०१९, मंगळवार

टपालात विद्यापीठाचं पत्र आलं. मजकूर पाठ आहे, अशी शेकडो पाकिटं मीच बंद केली आहेत. अभ्यास पूर्ण झाला, दहन झालं, कुटुंबाला रक्षा हवी असल्यास पंधरा फेब्रुवारीपर्यंत कळवावं, अन्यथा विद्यापीठाच्या हिरवळीवर विसर्जित करण्यात येईल. घाई नाही. पावाच्या डब्याखाली ठेवलं.

समितीची बैठक पुढे ढकलली. अध्यक्षांना फ्लू. एका माणसाच्या नाकासाठी अख्खी पाटी अडली आहे. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

२९ जानेवारी, मंगळवार

डब्यातला पाव संपला तरी दोन दिवस डबा उचलला नाही. पाव अब्देस्लामकडून उसना आणला. फाइलमध्ये नवीन काही नाही.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

निर्णय आला. पाटीवर नाव आणि जन्ममृत्यूची वर्षं. दुसरं काही नाही. 'नागरिकांकडून आलेल्या एकमेव सूचनेचा साकल्याने विचार करण्यात आला.' एकमेव. एवढ्या मोठ्या शहरात एकमेव.

पंचेचाळीस दिवसांत अपील करता येतं. आज सहा पानं लिहिली, कलमांसकट. वाचताना मलाच झोप आली, तरी एक शब्द कमी करता येत नाही.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पालिकेत अपिलाचा नमुना मागत होतो, तेवढ्यात नेलेचा फोन. लांबेरबाईंसमोरच घेतला.

"बाबा, विद्यापीठातून मला फोन आला. उद्या शेवटचा दिवस आहे. तुम्हाला महिन्यापूर्वी पत्र आलंय?"

"आलंय."

"मग?"

"मी कामात आहे."

फोन चालू होता, मागे गाड्यांचे आवाज येत होते. शेवटी म्हणाली, "मी पुढच्या गाडीनं येते," आणि दोन तासांत घरी आली. आधी सहा पानं वाचली. उभ्यानंच, कोट न काढता.

"यात आई कुठेच नाही."

"कायद्याच्या मुद्द्यांत ती कशी येणार?"

"बाबा, पत्राचं उत्तर का नाही दिलं?"

मग मी तिला सांगितलं. इतकी वर्षं ही पत्रं मी पाठवली. उत्तर न देणारी कुटुंबं असायचीच, दर खेपेला आठ-दहा. त्यांची नावं मी यादीतून खोडायचो आणि मनात म्हणायचो, काय दगडाची माणसं आहेत. दगडाची नव्हती ती. उत्तर दिलं की काम संपतं. ओडील तिथे आहे तोवर निदान कुठेतरी आहे, माझ्या ओळखीच्या इमारतीत, मी पुसलेल्या फरशीवर.

नेलेनं कोट काढला. कॉफी केली, माझ्या कपात दोन चमचे साखर घातली. मी एक घेतो, हे तिला माहीत आहे. मी प्यायलो.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

गेलो. विद्यापीठात मागच्या दारानं जायची सवय, पाय तिकडेच वळले. मार्लेननं अडवलं. माझ्यानंतर तीच हॉल सांभाळते, मीच शिकवलेली.

"फॉन्स, आज पुढच्या दारानं."

"मी काय पाहुणा आहे?"

"आज आहात."

पुढच्या खोलीत तीन खुर्च्या आहेत. खरेदीच्या वेळी मीच निवडल्या होत्या, धुवायला सोप्या म्हणून. बसायला भयंकर आहेत. चौतीस वर्षांत कधी बसलो नव्हतो.

मार्लेन कागद घेऊन आली. मी विचारलं, "कितव्या टेबलावर होती?"

"ते सांगता येत नाही."

"मला सांगता येतं. मला टेबलं माहीत आहेत."

"म्हणूनच तुम्हाला तर नाहीच," ती म्हणाली. "हा नियम कुणी केला, फॉन्स?"

मी केला. एका बाईला नवऱ्याचं टेबल सांगितलं होतं, ती पुढे वर्षभर खिडकीखाली येऊन उभी राहायची. म्हणून केला. नियम चांगला आहे. आज मला तो मोडून टाकावासा वाटत होता.

नेलेनं माझ्या कोटाची बाही धरली. मार्लेन जाताना दारात थांबली. म्हणाली, "एवढं सांगते. तिच्या गटातल्या मुलांनी शेवटच्या दिवशी विचारलं, आम्ही यांना काय म्हणून निरोप द्यायचा, नाव तर माहीत नाही. मी म्हटलं, सरळ आभार माना. तर मानले. एकेकानं, रांगेत."

मी सही केली आणि रक्षेचा डबा घेतला. जड नव्हता. नेले म्हणाली, मी धरते, पण ट्राममध्ये मीच मांडीवर धरला.

२५ फेब्रुवारी, सोमवार

सहा पानं फाडली. अर्धं पान लिहिलं. फ्रेंच भाग अब्देस्लामनं तपासला. या वेळी 'ती' बरोबर होती, त्यानं हात लावला नाही. मजकूर असा, 'माझी बायको ओडील लाफोर्ज हिच्या देहावर गेल्या वर्षी सहा जण शिकले. ते डॉक्टर होतील. त्यांना तिचं नाव माहीत नाही आणि माहीत नसावं हेच योग्य. पण एक ओळ हवी.'

मिळेल असं वाटत नाही. लांबेरबाईंनी पोच दिली आणि वाचून झाल्यावर कागद बंद केला नाही, उघडाच ठेवला टेबलावर. तिथे मी पाहिलेला पहिला कागद.

८ मार्च, शुक्रवार

व्हेसालियसची परांची उतरली. चकचकीत दिसतो. पाटीवर नाव, वर्षं, लॅटिन. अपिलाचं उत्तर नाही. उन्हाळ्यापर्यंत येईल म्हणतात. आलं नाही तर पुन्हा जाईन.

दुपारी नेले आणि मी कबरस्तानाच्या कचेरीत गेलो. खिडकीपलीकडे एक पोक्त गृहस्थ, बाहीला शाईचे डाग, अक्षर सुरेख. एकेक रकाना वाचून भरत होते.

"मृत्यूची तारीख?"

"सव्वीस फेब्रुवारी दोन हजार अठरा."

त्यांनी लिहिता लिहिता वर पाहिलं. "म्हणजे वर्ष झालं. इथे मधली जागा लिहावी लागते. मधल्या काळात कुठे होत्या?"

नेले सांगायला लागली, की विद्यापीठाचा कागद सोबत जोडलेला आहे. पण त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं होतं.

"कामावर होती," मी म्हणालो.

"कुठे?"

"विद्यापीठात. डॉक्टरांना शिकवायला."

त्यांनी मान डोलावली आणि सावकाश लिहिलं. मग पुढच्या रकान्यातही लिहिलं, शिक्का मारला, कागद आमच्याकडे फिरवला. मधल्या जागेपुढे विद्यापीठ. व्यवसाय या शब्दापुढे, गोल, वळणदार अक्षरात, शिक्षिका.

ओडील जन्मभर पोस्टाच्या खिडकीवर तिकिटं विकत होती. नेलेनं माझ्याकडे पाहिलं. सरकारी कागदातली चूक मी कधी जाऊ देत नाही, हे तिला ठाऊक आहे. तिनं मला पेन दिलं. मी खाली सही केली.

"बरोबर आहे ना सगळं?" त्या गृहस्थांनी विचारलं.

मी म्हटलं, बरोबर आहे.